शिकवणाऱ्याचं शिक्षण

1944 साली, महायुद्ध चालू असतानाच, इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी वेगळा विभाग उघडला. तोवर अशा जखमींचं पुढचं आयुष्य जवळजवळ ठरलेलं असे: अंथरूण, पाठीला जखमा, लघवीचा संसर्ग आणि लवकरच मरण. विभागाचे प्रमुख होते लुडविग गुटमन, 1939 मध्ये हिटलरच्या जर्मनीतून निसटून आलेले ज्यू डॉक्टर. त्यांनी रुग्णांना खेळायला लावलं, हे पुष्कळांना ठाऊक आहे. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. गुटमन आणि त्यांच्यासोबतचे लष्करातले हिल, दोघंही धडधाकट, एका रिकाम्या खोलीत चाकांच्या खुर्च्यांवर बसले आणि हातातल्या काठ्या उलट्या धरून एक लाकडी चकती टोलवत फिरले. त्यातून चाकाच्या खुर्चीवरचा पोलो निघाला. पुढे तो फार धसमुसळा ठरला आणि त्याच्या जागी नेटबॉल आला. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, 14 पुरुष आणि 2 स्त्रिया स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर तिरंदाजीला उतरले. 1960 मध्ये रोमच्या पॅरालिंपिकला 23 देशांचे सुमारे 400 खेळाडू जमले. पॅरालिंपिकचा इतिहास बहुधा त्या तिरंदाजीपासून सांगतात. मी मात्र तो त्या रिकाम्या खोलीपासून सांगते, कारण तिथे शिकवणारा आधी स्वतः खुर्चीत बसला.

मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका. आमच्या पेशाला मोठी परंपरा आहे. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा उभं केलं. 1914 मध्ये अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालं, 1938 मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी सरकारी संस्था. या साऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण तालमीतला वस्ताद घ्या नाहीतर मैदानावरचा पी.टी.चा मास्तर, शिकवण्याची रीत एकच होती: मी करतो ते बघ आणि कर. शिट्टी वाजली की पळ, हुकूम आला की वळ. म्हणजे डोळे, कान आणि दोन्ही पाय गृहीतच धरलेले. ज्याच्यापाशी यातलं एखादं नव्हतं, त्याला ‘सवलत’ मिळायची. पी.टी.च्या तासाला तो पोर कट्ट्यावर बसून बाकीच्यांच्या चपला आणि दप्तरं सांभाळायचा. माझ्या प्रशिक्षणातही या पोराबद्दल एक ओळ नव्हती.

कर्णबधिरांनी मात्र कुणी शिकवण्याची वाट पाहिली नाही. 1924 मध्येच पॅरिसला त्यांनी आपल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवल्या, स्टोक मँडेव्हिलच्या तिरंदाजीच्या चोवीस वर्षं आधी.

आपल्याकडचं पहिलं मोठं नाव मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरकडचे. सैन्याच्या ईएमई या अभियांत्रिकी दलात जवान आणि मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. उपचारांत व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं, आणि त्या व्यायामाचा खेळ झाला. 1972 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी जागतिक विक्रमासह सुवर्णपदक घेतलं. भारताचं ते पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली ती 2018 मध्ये. या कथेत लोक जिद्द पाहतात, आणि ती आहेच. पण मला हेही दिसतं, की ‘आता याला काय जमणार’ असं न म्हणणारं कुणीतरी त्या इस्पितळात होतं. तसं माणूस ज्यांना भेटलं नाही, अशा किती जणांची नावं आपल्यापर्यंत आलीच नाहीत!

शिकवणाऱ्यानं रीत बदलली की काय होतं, ते मुंबईत शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात दिसलं. उदय देशपांडे यांनी दादरच्या कमला मेहता अंधशाळेतल्या मुलींना मल्लखांब शिकवला. 2024 च्या त्यांच्या पद्मश्रीपेक्षा मला ते काम मोठं वाटतं. त्यांच्याबद्दल वाचून मीही दोरीच्या मल्लखांबावर अंध मुली घेतल्या. आधी स्वतः डोळ्यांना पट्टी बांधून दोरी चढले, तेव्हा कळलं की ‘असं कर’ हे शब्द किती पोकळ आहेत. उलटं लटकलेल्या मुलीला ‘वर’ म्हणजे कुठे? म्हणून मी ‘डोक्याकडे’, ‘टाचेकडे’, ‘दोरीकडे’ असं बोलू लागले. दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात धरायची असते. मी अढी, म्हणजे पायांची पकड, घालून थांबायचे आणि मुलगी माझ्या पावलापासून मांडीपर्यंत हात फिरवून दोरी कुठून कुठे गेली ते तपासायची. मग ती चढायची. तिला हात लावण्याआधी मी सांगायचे, ‘उजव्या घोट्याला धरते.’ गादीची कड ती आधी पायानं चाचपून ठेवायची, आणि मी कायम तिच्या डाव्या बाजूला उभी राहायचे, म्हणजे आवाज कुठून येतो त्यावरून तिला जमिनीची दिशा कळे. एकदा दोरीची पकड बसली की दोरीच तिला सारं सांगत असे. आणि एक सांगते: या बोलण्यानं माझ्या डोळस मुलीही लवकर शिकल्या.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. त्याच्या 30 व्या कलमात, दिव्यांगांना खेळात सामावून घेता यावं म्हणून अभ्यासक्रमांची फेररचना करायला सांगितलं आहे. भारताची पॅरालिंपिक पदकं तर वाढलीच: 2016 ला रिओत 4, 2024 ला पॅरिसमध्ये 29. त्यात आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांचं गोळाफेकीतलं रौप्य आहे, पेटकरांच्याच जिल्ह्यातलं. पण पदकविजेत्याला प्रशिक्षक मिळतो. पाचवीतल्या, कुबडी घेऊन येणाऱ्या मुलाला मिळतो तो शाळेतला पी.टी.चा शिक्षक, आणि अशा मुलाला कसं शिकवायचं हे त्या शिक्षकाला कुणी शिकवलेलंच नसतं.

म्हणून शारीरिक शिक्षण महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे. बी.पी.एड.च्या सराव पाठांपैकी निदान पाच पाठ जवळच्या अंधशाळेत, मूकबधिर विद्यालयात किंवा मतिमंद मुलांच्या शाळेत घ्यायला लावा, त्यांना गुण ठेवा, आणि त्या पाठांत नापास होणाऱ्याला पदवी देऊ नका.