ग्रहण, जत्था आणि मंडई : विज्ञानाच्या जाहीर कार्यक्रमाचा यजमान कोण?

(लाखांदूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

विषयाच्या नावात 'संस्थांची भागीदारी' असं आलंय, त्यामुळे मागच्या रांगेतले दोघे-तिघे उठायच्या बेतात दिसतात. बसा. भागीदारी म्हणजे करारनामा आणि शिक्के एवढंच आम्हाला सांगायचं नाही. विज्ञानाचा कार्यक्रम गावात होतो तेव्हा जागा कोणाची, खर्च कोणाचा, नाव कोणाचं आणि चुकलं तर शिव्या कोणी खायच्या, याचा हा इतिहास आहे. तो आपल्या विदर्भात बराच जुना आहे.

सुरुवात १८९८ पासून करू. त्या वर्षी २२ जानेवारीला, शनिवारी, खग्रास सूर्यग्रहण झालं. चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गापाशी चढली, सोलापूरकडच्या जेऊरवरून वऱ्हाडात आली आणि पुढे शहडोल, बक्सरकडे निघून गेली. लाखांदूर त्या पट्ट्याच्या थोडं बाहेर राहिलं. पण वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव, इथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या थोडं पलीकडे, ते पट्ट्यात होतं. तिथे न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स यांचा तळ पडला. पुलगावच्या अलीकडे तळणी नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी उतरली, एडवर्ड माँडर आणि त्यांच्या पत्नी ॲनी माँडर. ॲनीबाईंनी अगदी लहान भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचा जो लांबच लांब झोत टिपला, तेवढा लांब तोपर्यंत कोणाच्या फोटोत आला नव्हता. मध्य प्रांतातल्या घोगलीला स्कॉटलंडचे राजज्योतिषी कोपलंड होते. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते आणि पुण्याहून आलेले आपले कावसजी दादाभाई नायगमवाला होते. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर होते आणि त्यांच्या दिमतीला 'मेलपोमिनी' या आरमारी जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी.

आता या यादीतली भागीदारी बघा. लंडनच्या रॉयल सोसायटीने आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने मिळून ग्रहणांसाठी एक कायमची संयुक्त समितीच नेमली होती. तिच्या जोडीला आरमार होतं. जेऊर, तळणी, पुलगाव ही तिन्ही रेल्वे स्टेशनं आहेत. म्हणजे जिथे रूळ आणि सावली एकमेकांना भेटतात, तिथे तंबू. आकाश सगळीकडे स्वच्छ राहिलं, सगळ्या तळांवर काम झालं. संस्थांच्या सहकार्याचा नमुना म्हणून हे कुठेही सांगावं असं आहे.

पण वर्ष कोणतं होतं? १८९६-९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांतातली गावं उजाड झाली होती. मुंबई-पुण्यात प्लेग होता आणि रँडच्या खुनाला पुरते सात महिनेही झाले नव्हते. अशा काळात हे तंबू उभे राहिले. ओझी वाहायला, राखण करायला माणसं इथली. भिंगातून बघायला मात्र बहुतेक बाहेरची. नायगमवालांसारखा अपवाद होता, म्हणून तर ते नाव मुद्दाम लक्षात ठेवायचं. गावाने काय पाहिलं? भरदुपारी अंधार, आणि 'दे दान, सुटे गिरान'ची हाक.

थोडं विषयांतर करतो. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' आहेत आणि तिथे दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो. १८६८ च्या १८ ऑगस्टच्या ग्रहणात लॉकियरने त्या ओट्यांवरून हेलियम शोधला, असं सांगतात. प्रत्यक्षात १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडात होते. सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबरात तिथूनच पाहिली, तीही ग्रहण नसताना. विजयदुर्गाला ते आले तीस वर्षांनी, १८९८ मध्ये. म्हणून दिवस साजरा करू नये का? जरूर करावा. किल्ल्यावर पोरं येतात, सूर्याबद्दल बोलतात, यात वाईट काय आहे! फक्त फलकावरचं साल दुरुस्त करावं एवढंच. आणि एक गंमत ध्यानात घ्या. पुलगावचे आणि तळणीचे तंबू आज कोणाला आठवत नाहीत, विजयदुर्गचे ओटे आठवतात. कारण तिथे गावाने ती गोष्ट आपली म्हणून ठेवली, चुकीची का होईना.

आता ब्याऐंशी वर्षं पुढे येऊ. १६ फेब्रुवारी १९८०. पुन्हा शनिवार, पुन्हा खग्रास. पट्टा अंकोला, गदगवरून हैदराबादच्या बाजूने ओडिशाला गेला. आपल्याकडे खंडग्रास होतं, पण मोठं. इथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल, रस्ते ओस पडले होते. खेड्यात नाही, मोठ्या शहरांत! डोळे जातील या भीतीत तथ्य होतं, उघड्या डोळ्यांनी सूर्य बघूच नये. पण घराबाहेर पाऊल टाकलं तर काही होईल, ही भीती वेगळी. दार लावून बसा, एवढंच लोकांच्या कानावर आलं. कसं बघायचं ते गल्लीत येऊन सांगणारं कोणी नव्हतं. स्वतंत्र भारतात वेधशाळा होत्या, विद्यापीठं होती, पण गल्लीपर्यंत पोचायला लागतो तो दुवा नव्हता.

दुवा अजिबातच नव्हता असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. मराठी विज्ञान परिषद २४ एप्रिल १९६६ ला मुंबईत स्थापन झाली. तिची वार्षिक अधिवेशनं वेगवेगळ्या गावी भरत आली आहेत. साहित्य संमेलनासारखीच पद्धत, स्थानिक संस्थेने बोलवायचं आणि परिषदेने जायचं. लोकविज्ञान संघटना १९८० मध्ये सुरू झाली. पण सगळ्यात मोठा जुगाड (हा शब्द आम्ही आदराने वापरतो) झाला तो १९८७ चा, भारत जन विज्ञान जत्था.

त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण भागीदारी म्हणजे काय ते तिथे दिसतं. २ ऑक्टोबर १९८७ ला देशाच्या पाच टोकांकडून पाच जत्थे निघाले आणि ७ नोव्हेंबरला भोपाळला एकत्र आले. एकूण पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास आणि पाचशेच्या घरात मुक्काम. ७ नोव्हेंबर हा सी. व्ही. रामन यांचा जन्मदिवस, मादाम क्युरींचाही तोच. आणि भोपाळ का, हे वेगळं सांगायला नको. वायुकांडाला तेव्हा तीन वर्षं पुरी होत होती. विज्ञान कोणासाठी, हा प्रश्न त्या शहरात उभं राहून विचारायचा होता.

यात पंचवीसहून अधिक संघटना होत्या. कोणी डाव्या विचाराच्या, कोणी गांधींच्या वाटेवरच्या, कोणी शाळेत प्रयोग शिकवणाऱ्या, कोणी आरोग्याचं काम करणाऱ्या. मोठी धरणं, अणुवीज, सरकारी पैसा घ्यावा की नाही, यावर अशा लोकांची मतं जुळत नसतातच. आणि पैसा तर सरकारकडूनही आला. १९८२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषद त्यात सामील होती, नरेंद्र सहगल तिचे प्रमुख. दुसऱ्या बाजूला केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे एम. पी. परमेश्वरन. एक सरकारी अधिकारी, एक चळवळीतला माणूस.

केरळच्या मंडळींचा अनुभव इथे कामाला आला. त्यांचा रिवाज असा होता, की कलाजत्था गावात फुकट येत नाही. गावातल्या समितीने आधी परिषदेची पुस्तकं विकायची, त्या पैशातून जत्थ्याचा खर्च निघायचा. कलाकारांचं जेवण आणि मुक्काम गावातल्या घरांत. म्हणजे कार्यक्रम होण्याआधी महिनाभर गावातली दहा-वीस माणसं दारोदार फिरलेली असायची. कार्यक्रम दीड तासाचा, पण संस्था उभी राहायची ती त्या महिन्यात. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, अखिल भारतीय जनविज्ञान नेटवर्क तयार झालं, ते जत्थ्याच्या या ओळखींवर.

हे ऐकून तुम्हाला काही ओळखीचं वाटलं का? वाटायला हवं. आपली मंडई दुसरं काय आहे?

दिवाळी झाली, भाऊबीज झाली, की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई, सोयरे घरी येतात. रात्री नाटक. वडसा इथून जवळच, तिथे कंपन्यांची कार्यालयं. गावातलं मंडळ कंपनीशी रक्कम ठरवतं, मंडप घालतं, तिकिटं खपवतं, तोटा आला तर तो मंडळाचा, नफा राहिला तर गावाच्या कामाला. कंपनी पाहुणी, गाव यजमान. पाहुण्याने उत्तम नाटक करायचं, यजमानाने प्रेक्षक आणायचे. यात कोणी कोणावर उपकार करत नाही. विज्ञानवाले ज्याला आज मोठ्या बैठका घेऊन शोधतात, ती व्यवस्था इथे धान कापणी आणि मळणीच्या धांदलीतसुद्धा चालते.

आमचीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी या भागातल्या एका गावात आम्ही आकाशदर्शन ठरवलं. तीन संस्था एकत्र. महिना गेला बॅनरवर कोणाचं नाव वर, या वादात. गावाला विचारलं ते शेवटच्या दोन दिवसांत, तेही जागेपुरतं. त्या संध्याकाळी दुर्बीण एका गाडीतून आली आणि तिचं स्टँड दुसऱ्या गाडीतून आलंच नाही. शाळेची किल्ली ज्यांच्याकडे होती ते लग्नाला गेलेले. दीड-दोनशे माणसं बोडीच्या पाळीवर उभी. तिन्ही संस्थांचे लोक फोनवर एकमेकांना झापत होते. शेवटी मासेमारी सोसायटीतले एक काका म्हणाले, "सर, नळी टेकवायलाच पाहिजे ना?" त्यांनी घरून धानाची पोती आणवली, एकावर एक रचली, आणि दुर्बिणीची नळी त्यात दाबून बसवली. चंद्र सरकला की काका पोतं गुडघ्याने किंचित ढकलायचे. रात्री अकरापर्यंत रांग होती. दुसऱ्या दिवशी गावात लोक म्हणत होते, "काकांनी चंद्र दाखवला." बॅनर कोणाच्याच लक्षात नव्हता.

तो बॅनर आमच्याकडे अजून आहे. ओट्यावर वड्या वाळत घालताना खाली अंथरतो.

मोठ्या पातळीवर हेच बिघडलं की काय होतं, तेही नागपूरच्या संदर्भात सांगता येतं. भारतीय विज्ञान काँग्रेस १९१४ पासूनची. तिचं १०८ वं अधिवेशन जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात झालं, विद्यापीठाच्या शताब्दीचं निमित्त होतं. बालविज्ञान, आदिवासींचं ज्ञान, महिलांचं सत्र, सगळं होतं, शाळकरी पोरांची गर्दी होती. त्यानंतर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने पैशाच्या व्यवहारावर आक्षेप घेऊन निधी थांबवला, काँग्रेसच्या संस्थेने आरोप नाकारले, प्रकरण न्यायालयात गेलं, यजमान विद्यापीठ मागे हटलं आणि जानेवारी २०२४ चं अधिवेशन झालंच नाही. कोण बरोबर यात आम्ही शिरत नाही. पण शंभरावर वर्षं चाललेला कार्यक्रम एका भागीदाराने हात काढल्यावर थांबतो, याचा अर्थ त्याचे पाय किती जागी टेकलेले होते? त्याच २०२३ मध्ये 'विज्ञान प्रसार' ही केंद्राची संस्थाही बंद झाली. १९९५ च्या दिवाळीतल्या ग्रहणापासून लोकांना बाहेर काढायच्या मोहिमांत तिचा वाटा होता. १९८० ला दारं लावणारा देश १९९५ ला चष्मे लावून गच्चीवर आला, त्यामागे अशा संस्था आणि गावोगावचे कार्यकर्ते, दोन्ही होते.

आता आपल्यापुढचं काम. २१ मे २०३१ ला सूर्यग्रहण आहे. कंकणाकृती पट्टा केरळ आणि तमिळनाडूतून जाईल, लाखांदूरला खंडग्रास, पण चांगलं मोठं, भरदुपारी. आणि मे महिन्याच्या त्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य आपल्या जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. २४ मेच्या आसपास तर उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. म्हणजे ग्रहणाच्या दुपारी नुसती धान्याची चाळणी आडवी धरली, तरी खाली जमिनीवर प्रत्येक भोकाची एकेक चंद्रकोर पडेल. बुरडाने विणलेली टोपली धरा, आंब्याच्या सावलीत उभे राहा, तेच. सूर्याकडे बघायची गरजच नाही.

अडचण वेगळीच आहे. वार बुधवार, पण शाळेला उन्हाळी सुट्टी. शिक्षक आपापल्या गावी. जंगलालगतच्या गावांत तेंदूपत्त्याचा हंगाम, बाया-माणसं पहाटेच जंगलात आणि दुपारी घरी पुडे बांधत बसलेली. ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात. वडशाचं स्टेशन गडचिरोली जिल्ह्यात, पलीकडचं अर्जुनी-मोरगाव गोंदियात, आपण भंडाऱ्यात, म्हणजे परवानगीचा कागद तीन कलेक्टर कचेऱ्यांत फिरणार. कोणतीही बाहेरची संस्था या दुपारी शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली, तर तिला कुलूप दिसेल.

म्हणून आम्ही येत्या मंडईपासूनच गावांत विचारायला सुरुवात करतो आहोत. मंडईचं मंडळ, गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना जिथे होते ती जागा, मासेमारी सोसायटी, पानफळीवर बसणारे मुनशी. पुडे बांधायला जिथे सावली केलेली असते, त्याच मांडवाच्या कडेला चाळणी धरायची, असं एका गावातल्या बायांनी सुचवलंय. त्यांची एकच अट आहे, दुपारच्या जेवणाआधी आटपा. ग्रहण काही आमच्या हातात नाही, असं आम्ही सांगून पाहिलं.

प्रश्न असतील तर विचारा. माइक मागे जाईल.