जुना सीडी प्लेअर : आधी दुरुस्ती, मग बदल

ग्वाल्हेर : ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं गाणं मावायचं. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर ७४ मिनिटं मावू लागली. कृष्णराव शंकर पंडितांच्या (१८९३–१९८९) ग्वाल्हेर घराण्यातला विलंबित ख्याल सलग ऐकायचा तर ही सोय मोठीच. पण ज्यांनी अशा सीडी जपून ठेवल्यात, त्यांचे स्वस्तातले प्लेअर आता थकलेत. थोड्या खर्चात त्यांचा आवाज सुधारता येतो, फक्त कामाचा क्रम चुकू नये.

आवाज बिघडतो कुठे?
सीडीवर प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, प्रत्येक १६ बिटचा. भिंग स्वच्छ आणि सीडी धड असेल, तर स्वस्त प्लेअरही हे आकडे बरोबर वाचतो. फरक पडतो तो पुढे, आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागात आणि पॉवर सप्लायमध्ये. त्यात ग्वाल्हेरचा उन्हाळा अनेकदा ४५ अंशांच्या वर जातो. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य निम्मं होतं.

१. भिंग पुसा
गाणं अडखळत असेल तर आधी धूळ बघा. कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा. दाब देऊ नका.

२. मागचे जॅक बघा
‘डिजिटल आउट’ (कोअ‍ॅक्शियल किंवा ऑप्टिकल) असेल तर बाहेरचा डॅक जोडा. प्लेअरचा जुना ऑडिओ भागच बाजूला पडतो. सोल्डर लागत नाही आणि सुधारणा बहुधा सगळ्यात मोठी. ही सोय नसेल तरच पुढचं काम काढा.

३. कंडेन्सर बदला
आधी पॉवर सप्लायचे, मग ऑडिओ आउटपुटचे. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचं घ्या. प्लस-मायनस उलटं झालं तर कंडेन्सर फुटू शकतो. ‘मोठा घातला की बास वाढतो’ हा समज सोडा. १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १० किलो-ओहम इनपुटच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, तर कट-ऑफ साधारण १.६ हर्ट्झला येतो. काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्जही ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे मूळ आकडा पुरेसा आहे.

४. आयसी शेवटी
अनेक स्वस्त प्लेअरमध्ये ४५५८ ही आठ पायांची आयसी असते. तिथे सॉकेट बसवून ५५३२ लावता येते, पाय सारखेच. मात्र ती जास्त करंट खाते. पॉवर सप्लायला ते झेपतंय का, हे मिस्त्रीकडून तपासून घ्या. आयसीजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा कंडेन्सर हवाच.

हे करू नका
लेझरचा छोटा स्क्रू फिरवू नका, पिकअप कायमचा जाऊ शकतो. झाकण उघडं ठेवून लेझरकडे बघू नका, त्याचा प्रकाश डोळ्यांना जवळपास दिसत नाही. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज उरतो, म्हणून थोडं थांबूनच हात घाला.

फरक कसा ओळखाल?
एकच सीडी आधी आणि नंतर ऐका, आवाजाची पातळी सारखी ठेवून. जरा मोठं वाजलं की कानाला उगाच चांगलं वाटतं. द्रुत तानांपेक्षा नुसता तानपुरा लागलेला भाग निवडा, घूं-घूं आणि खरखर तिथे लगेच कळते.

पिकअपच संपला असेल तर बदलांवर खर्च करू नका. मूळ ध्वनिमुद्रणातली खरखरही प्लेअर बदलून जात नाही. आणि काहीही उघडण्याआधी, दुर्मीळ सीडींची प्रत संगणकावर काढून ठेवा. प्लेअर दुसरा मिळेल, ते गाणं पुन्हा मिळेलच असं नाही.