तिकिटाचा भाव कुणाला ठाऊक?

जालन्यात विमानतळ नाही. विमानात बसायचे तर तासभराचा रस्ता तुडवून चिकलठाण्याला जावे लागते. ‘जालना सोने का पालना’ अशी आमच्या गावाची जुनी म्हण आहे. पण या पाळण्याला पंख कधी फुटले नाहीत. तरीही आज कादराबादेतल्या एखाद्या घरात डोकावा. मोबाइलवर बोट फिरवत दुबईचे, जेद्दाचे नाहीतर बंगळूरचे भाडे बघणारा मुलगा हमखास सापडेल. एका ठिकाणी सात हजार, दुसऱ्या ठिकाणी सहा हजार आठशे, दुपारी परत पाहिले तर नऊ हजार. घरातली म्हातारी विचारते, “अरे, गाडी एकच ना? मग भाव किती?” म्हातारीच्या या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्याबद्दलच मला आज बोलायचे आहे.

आपल्याकडचा साधा माणूस पूर्वी फार लांब जात नसे. गेलाच तर आषाढीला पंढरपूर, कुणी काशी. समुद्र ओलांडणारा सामान्य माणूस म्हणजे हाजी. शेतातली जोडी विकून, मुलीचे लग्न उरकून, आयुष्याची कमाई कमरेला बांधून तो निघे. म्हणून मी हजचे उदाहरण घेतो. धर्म सांगण्यासाठी नव्हे, तिकिटाची गोष्ट सांगण्यासाठी.

एकोणिसाव्या शतकात हा माणूस मुंबईला पोचला, की त्याच्याभोवती दलाल गोळा होत. जहाज केव्हा सुटणार, भाडे किती, जागा आहे की नाही, हे दलालाला ठाऊक असे, हाजीला नसे. एका जहाजाची वाट पाहताना मुंबईत आठवडे जात आणि गाठीचे पैसे जेवणातच संपत. जहाजात माणसे कोंबली जात. १८८० साली सिंगापूरहून निघालेले ‘जेद्दा’ नावाचे जहाज एडनजवळच्या समुद्रात पाणी भरल्याने अडचणीत आले, तेव्हा कप्तान आणि त्याचे गोरे अधिकारी साडेनऊशेच्या आसपास यात्रेकरूंना तसेच टाकून होडीतून निघून गेले. जहाज बुडाले नाही. दुसऱ्या बोटीने ते ओढून एडनला आणले, आणि जगभर बोभाटा झाला. जोसेफ कॉनरॅडची ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी याच घटनेवरून सुचली.

त्यानंतर इंग्रज सरकारने एक प्रयोग केला. १८८६ मध्ये हाजींच्या प्रवासाचे काम थॉमस कुक कंपनीकडे सोपवले. होय, साहेबांना इजिप्तचे पिरॅमिड दाखवणारी तीच कंपनी. आपल्या गावाजवळच्या रेल्वे स्थानकापासून जेद्दापर्यंतचे भाडे छापील स्वरूपात आधीच कळावे, रेल्वे आणि जहाज यांचे तिकीट एका जागी मिळावे, ही त्यामागची कल्पना. आजच्या प्रवासी संकेतस्थळांची ही पणजी म्हणायला हरकत नाही. प्रयोग सात-आठ वर्षेच चालला. तोटा सोसायची सरकारची तयारी राहिली नाही, आणि दलाल पुन्हा आपल्या जागी आले.

आमच्या भागाला त्या छापील भाड्याचा उपयोग तसाही झाला नसता. जालन्यात आगगाडी आली ती १९०० साली. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची ती मीटरगेज लाइन मनमाडला जाऊन संपे. तिथे गाडी बदलून मुंबई. शिवाय आम्ही निजामाच्या राज्यात. इथे चालणारा रुपया हाली, मुंबईत चालणारा कलदार. शंभर कलदार हवे असतील तर सुमारे एकशे सोळा हाली मोजावे लागत. म्हणजे जहाजाचा दलाल भेटण्याआधीच सराफाचा बट्टा कापला जाई. आज परदेशी संकेतस्थळावर तिकीट काढल्यावर बँक चलन बदलण्याचे शुल्क लावते, तेव्हा मला हा हाली-कलदार आठवतो.

जहाजाचे भाडे खऱ्या अर्थाने उतरले ते १९३७-३८ च्या सुमारास, आणि त्यात एका मराठी मुलखातल्या माणसाचा हात होता. हाजींची वाहतूक तोवर मुख्यतः ‘मोगल लाइन’ या कंपनीच्या ताब्यात होती. नाव मोगल, कारभार इंग्रजांचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीने आपली जहाजे या मार्गावर आणली. मग जे व्हायचे तेच झाले. एकाने भाडे कमी केले, दुसऱ्याने त्याहून कमी केले. दोन कंपन्यांच्या भांडणात गरीब हाजीचे भले झाले. पुढे दुसरे महायुद्ध आले आणि समुद्र धोक्याचा झाला, स्वस्ताईही संपली. वालचंदांनी हे पुण्यासाठी केले असे मी म्हणणार नाही. ते व्यापारी होते. पण विकणारे दोन असले की भाव उतरतो, हा धडा पुढे विमानांनाही लागू पडला.

विमानांचे मात्र उलटे सुरू झाले. आधी विकणारे अनेक होते. हैदराबादला निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत १९४५ साली ‘डेक्कन एअरवेज’ निघाली होती. १९५३ च्या कायद्याने अशा आठ कंपन्या एकत्र करून ‘इंडियन एअरलाइन्स’ झाली. त्यानंतर चार दशके देशात विमान एकाचे, भाडेही एक. त्यात एक न्याय होता, हे कबूल केले पाहिजे. शेजारी बसलेल्याने आपल्याइतकेच पैसे दिले आहेत, हे ठाऊक असे. पण ते भाडे परवडणारे लोक किती? आमच्या जालन्यात बियाण्यांचे व्यापारी, पोलादाचे कारखानदार आणि मंत्री, झाले.

चिकलठाण्याचा विषय निघाला की आमच्या पिढीला २६ एप्रिल १९९३ आठवतोच. इंडियन एअरलाइन्सचे बोइंग उडताना धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकला धडकले. ट्रकमध्ये कापसाच्या गाठी होत्या. ११८ जणांपैकी ५५ दगावले. मराठवाड्याचा कापूस आणि मुंबईचे विमान एकाच उंचीवर यावेत, ही गोष्ट कवितेतही कुणी लिहिली असती तर आम्ही अतिशयोक्ती म्हटली असती. इथे ती फक्त एवढ्यासाठी सांगितली, की विमान या भागात आले तरी ते आमच्या रस्त्यापासून फार दूर नव्हते. दूर होते ते तिकीट.

१९९४ साली सरकारी मक्तेदारीचा कायदा रद्द झाला. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथांची ‘एअर डेक्कन’ उडाली. दख्खनचे नाव पन्नास वर्षांनी आकाशात परतले, आणि त्यावर आर. के. लक्ष्मण यांचा धोतर-कोटातला सामान्य माणूस होता. विमानात फुकट जेवण नाही, तिकिटाचा छापील पुस्तकी कागद नाही, एजंटाचे कमिशन शक्यतो नाही. तिकीट इंटरनेटवर काढा, नाहीतर फोनवर. पेट्रोल पंपावरही ते विकायला ठेवले होते. एक रुपयाच्या तिकिटाची जाहिरात तेव्हाचीच. रुपया तिकिटाचा आणि विमानतळाचे शुल्क दोनशेच्या वर, ही गंमत लोकांना काउंटरवर कळे.

रेल्वेचे तिकीट इंटरनेटवर २००२ पासून मिळू लागले होते, पण सुरुवातीला ते कुरिअरने घरी येई. जालन्यात त्या वेळी घरोघरी संगणक नव्हते. नेट कॅफेत तासाचे पैसे मोजायचे, पान उघडेपर्यंत अर्धा तास जायचा. आणि पान उघडले की ते क्रेडिट कार्ड मागायचे. ते गावात मोजक्यांकडे. मग कॅफेवाला आपले कार्ड वापरी आणि वर शे-दोनशे घेई. दलाल गेला म्हणता म्हणता संगणकासमोर येऊन बसला होता. फरक एवढाच, की या वेळी पडदा आपल्याकडेही वळवता येत होता. भाव आपल्या डोळ्यांनी दिसत होता. मला ही गोष्ट थोडी वाटत नाही.

आता म्हातारीच्या प्रश्नाकडे येतो. विमान एकच, मग भाव किती? विमानात १८० जागा असतील तर कंपनी त्यांचे गट पाडते. पहिल्या काही जागा स्वस्त, त्या संपल्या की पुढचा गट महाग. कोणत्या दिवशी किती गर्दी असते, याचा हिशेब संगणक ठेवतो आणि गट लहान-मोठे करतो. ही युक्ती अमेरिकेत १९७८ ला भाडे खुले झाल्यानंतर तिथल्या कंपन्यांनी पक्की केली. मोंढ्यातल्या अडत्याला ती समजावून सांगावी लागत नाही. आवक आणि गिऱ्हाईक पाहून तो रोज तेच करतो. तेव्हा आधी काढा, मंगळवार-बुधवार पाहा, ईद-दिवाळी टाळा. चिकलठाण्याबरोबर मुंबई, पुणे, हैदराबादचे भाडेही पडताळा आणि त्यात एसटी-रेल्वेचा खर्च मिळवा. पाहायचे चार ठिकाणी, पण शेवटी खुद्द कंपनीच्या संकेतस्थळावर एकदा जाऊन या; मधल्याचे ‘सुविधा शुल्क’ शेवटच्या पानावर उगवते. सामानाचे पैसे वेगळे आहेत का, तेही तिथेच कळते.

पण जिथे निवडच नाही, तिथे ही हुशारी चालत नाही. हाजींची जहाजे १९९५ साली बंद झाली. हज कमिटीतर्फे जाणाऱ्याला ठरवून दिलेल्या विमानानेच जावे लागते. त्या भाड्यावर सरकार अनुदान देई आणि त्यावरून आम्हाला टोमणेही ऐकावे लागत. आमच्यातले जाणकार तेव्हाच हिशेब मांडत, की अनुदान हाजीच्या नावावर आणि पैसा विमान कंपनीच्या खिशात. खुल्या बाजारात जाऊ द्या, आम्ही आमचे पाहू. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे अनुदान दहा वर्षांत संपवायला सांगितले, सरकारने ते २०१८ मध्येच बंद केले. खुला बाजार मात्र आला नाही. चिकलठाण्याहून थेट जेद्दाला विमान २००८ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा गेले, तेव्हा मराठवाड्यात आनंद झाला होता. म्हाताऱ्या माणसांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. २०२३ साली त्याच चिकलठाण्याहून जाणाऱ्या हाजीला मुंबईहून जाणाऱ्यापेक्षा ८० हजारांहून अधिक रुपये जास्त मोजावे लागले. यात्रा तीच, मक्का तेच. विमान लहान, गिऱ्हाईक थोडे, बोली लावणारी कंपनी बहुधा एखादीच, म्हणून भाव चढा. ८० हजार म्हणजे आमच्याकडे कोरडवाहू कापसाच्या एका हंगामाची मिळकत.

सरकार भाडे बांधू शकत नाही असेही नाही. टाळेबंदीनंतर मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत देशातल्या विमानभाड्याला खालची-वरची मर्यादा होती. डिसेंबर २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीची शेकडो उड्डाणे रद्द झाली आणि बाकीच्यांचे भाव आकाशाला भिडले, तेव्हा ५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला साडेसात हजार रुपयांची कमाल मर्यादा लावली गेली. त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या एका मुलाला पुण्याहून दिल्लीला मुलाखतीला जायचे होते. मोबाइलवर भाव बघून त्याने तो बाजूला ठेवला, स्थानकावर गेला आणि रेल्वेच्या रांगेत उभा राहिला.