शब्द कोणाचे, नदी कोणाची?

चित्रपुस्तकांचा विचार आपल्याकडे बहुधा संस्काराच्या अंगाने होतो. त्यातील शब्द कोणाचे, हे क्वचितच विचारले जाते. निसर्गरक्षक आदिवासींवरील दोन अमेरिकन चित्रपुस्तके शेजारी ठेवली, की मात्र हा प्रश्न टाळता येत नाही.

सुझन जेफर्स यांचे 'ब्रदर ईगल, सिस्टर स्काय' १९९१ मध्ये आले. त्यातील निवेदन सिएटल या आदिवासी प्रमुखाच्या नावावर आहे. १८५४ च्या सुमारास त्याने आपल्या भाषेत केलेल्या भाषणाचा इंग्रजी पाठ हेन्री स्मिथ यांनी छापला, तो १८८७ मध्ये. पुस्तकातील मजकुराचे मूळ तर त्याहूनही अलीकडचे. टेड पेरी या पटकथालेखकाने १९७० च्या दशकारंभी एका पर्यावरणविषयक चित्रपटासाठी तो लिहिला होता. चित्रांतही तीच गल्लत आहे. सिएटलचे सुक्वामिश आणि दुवामिश लोक वायव्येच्या समुद्रकिनाऱ्यावर होड्यांतून वावरणारे. चित्रांत मात्र मैदानी जमातींचे घोडे आणि पेहराव दिसतात. अखेरीस गोरे कुटुंब रोपे लावते आणि आदिवासी छायारूपाने मागे उरतात. वस्तुतः सुक्वामिश लोक आजही त्याच किनाऱ्यावर राहतात. पुस्तकात त्यांचा उपदेश उरला. ते स्वतः मात्र भूतकाळात ढकलले गेले.

'वी आर वॉटर प्रोटेक्टर्स' (२०२०) या पुस्तकाची पार्श्वभूमी स्टँडिंग रॉक येथील २०१६ च्या आंदोलनाची आहे. मिसुरी नदीवरील जलाशयाखालून जाणाऱ्या डाकोटा ॲक्सेस तेलवाहिनीला तेथील सू लोकांनी विरोध केला होता. लेखिका कॅरोल लिंडस्ट्रॉम ओजिब्वे, तर चित्रकार मिकेला गोड ट्लिंगिट. गोड यांना २०२१ चे कॅल्डेकॉट पदक मिळाले. १९३८ पासून दिल्या जाणाऱ्या या सन्मानाच्या त्या पहिल्या आदिवासी मानकरी. दोघीही स्टँडिंग रॉकच्या नव्हेत. म्हणून केवळ जन्मावरून अधिकार ठरवणे अपुरे होईल. फरक निवेदनात आहे. येथे एक मुलगी वर्तमानकाळात, 'आम्ही' म्हणून बोलते. आजीकडून आलेले पाण्याचे ज्ञान सांगते आणि तेलवाहिनीला काळा सर्प म्हणते. निसर्गरक्षण येथे गतकाळाचा वारसा नसून चालू लढा आहे.

हा लढा जिंकल्याची ग्वाही पुस्तक देत नाही. ते प्रसिद्ध झाले तेव्हा त्या वाहिनीतून तेल वाहू लागून तीन वर्षे होत आली होती. बालवाचकासाठी गोड शेवट रचण्याचा मोह येथे टाळला आहे, ही गोष्ट बालसाहित्याच्या अभ्यासकाने विशेष नोंदवावी.