मुलांमधील गोचीडजन्य रिकेट्सिया संसर्ग

गोचिडीच्या चाव्यातून शरीरात शिरणाऱ्या रिकेट्सिया वंशातील जीवाणूंमुळे होणाऱ्या तापाच्या आजारांना गोचीडजन्य रिकेट्सिया संसर्ग म्हणतात. यांपैकी इंडियन टिक टायफस हा आजार महाराष्ट्रातील मुलांमध्येही आढळतो. योग्य प्रतिजैविक वेळेवर मिळाल्यास तो सहसा पूर्ण बरा होतो. उपचारास उशीर झाल्यास प्राणघातक ठरू शकतो.

कारण व लक्षणे

इंडियन टिक टायफस रिकेट्सिया कोनोरी या जीवाणूच्या भारतीय उपप्रजातीमुळे होतो. कुत्र्यांच्या अंगावरील तपकिरी गोचीड हा त्याचा प्रमुख वाहक होय. हे जीवाणू रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींमध्ये वाढतात. त्यामुळे तीव्र ताप, डोकेदुखी, अंगदुखी, सूज आणि पुरळ ही लक्षणे दिसतात. तळहात व तळपायांवरही पुरळ येणे ही निदानास साहाय्यक खूण आहे. गंभीर अवस्थेत मेंदू, फुप्फुसे व मूत्रपिंडांवर परिणाम होतो.

निदान

वाइल-फेलिक्स ही १९१६ मधील चाचणी स्वस्त असली तरी फारशी विश्वासार्ह नाही. रक्तातील प्रतिपिंडे आजाराच्या पहिल्या काही दिवसांत सापडत नाहीत. म्हणून लक्षणांवरून दाट संशय आल्यास चाचणीच्या निष्कर्षाची वाट न पाहता उपचार सुरू केले जातात.

उपचार

डॉक्सिसायक्लिन हे सर्व वयोगटांत पहिल्या पसंतीचे औषध आहे. ४५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना दर किलो वजनामागे २.२ मिलिग्रॅम, तर त्याहून अधिक वजनाच्या मुलांना १०० मिलिग्रॅम मात्रा दिवसातून दोनदा दिली जाते. ताप उतरल्यानंतर किमान तीन दिवस आणि एकूण किमान पाच ते सात दिवस उपचार चालतात. ताप बहुधा ४८ तासांत उतरू लागतो. पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटांतील औषधे या आजारावर निरुपयोगी ठरतात. सल्फा औषधांनी आजार बळावू शकतो.

दातांविषयीची शंका

जुनी टेट्रासायक्लिन औषधे वाढत्या दातांतील कॅल्शियमशी संयोग पावून दातांवर कायमचे डाग पाडत. यामुळे आठ वर्षांखालील मुलांना डॉक्सिसायक्लिनही देण्याचे टाळले जात असे. मात्र ते कॅल्शियमशी कमी प्रमाणात बांधले जाते. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठ वर्षांच्या आत हे औषध घेतलेल्या ५८ मुलांपैकी एकाच्याही दातांवर तसे डाग आढळले नाहीत.

माकडतापाशी फरक

कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यास लागून असलेल्या दोडामार्ग (सिंधुदुर्ग) तालुक्यात २०१६ मध्ये क्यासनूर वन ज्वराचा, म्हणजेच माकडतापाचा, उद्रेक झाला. हा आजारही गोचिडींमार्फत पसरतो. परंतु तो विषाणुजन्य असल्याने प्रतिजैविके त्यावर परिणामकारक नाहीत. त्यामुळे या परिसरातील तापाच्या बालरुग्णाबाबत जंगलातील वावर, माकडांचे मृत्यू आणि घरातील कुत्र्यांचा सहवास यांची चौकशी निदानासाठी महत्त्वाची ठरते.