जुन्या वस्तूंची वाट

१९२०च्या दशकातल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे सामान कमी होतं ते वैराग्यानं नव्हे, जागाच नव्हती! एक ट्रंक, कपड्यांची दोरी, कोपऱ्यात वळकट्या. पण माझ्या मते खरी गोष्ट वेगळी. घरातून वस्तू बाहेर जायला वाट होती. जुनी लुगडी-धोतरं बोहारीण नेई, बदल्यात भांडं देई. जरीच्या साडीवर घासाघीस तर अशी चाले की विचारू नका! फुटकी पितळी भांडी मोडीत जात. पुढे प्लॅस्टिक आलं. मी बँकेत असताना फ्रिज-टीव्हीला कर्जं मिळू लागली. वस्तू आत येणं सोपं झालं, बाहेरची वाट मात्र बुजली. आमच्या पोटमाळ्यावर तीन बंद मिक्सर आहेत. अधूनमधून दारावर येणारी बोहारीण त्यांना हात लावत नाही.