अवधान-न्यूनता विकार व चेहऱ्यांची ओळख

अवधान टिकविण्यातील अडचण, अतिचंचलता व आवेगशीलता ही प्रमुख लक्षणे असलेल्या आणि बालपणीच सुरू होणाऱ्या विकारास अवधान-न्यूनता विकार म्हणतात. अशा मुलांचा मेंदू समोरचा चेहरा व त्यावरील भाव कसे टिपतो, याचा अभ्यास मुख्यतः एकविसाव्या शतकात झाला.

ब्रिटिश बालरोगतज्ञ जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १९०२ मध्ये लंडन येथील व्याख्यानांत, बुद्धी शाबूत असूनही स्वतःस आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले; त्यांनी हा नैतिक नियंत्रणातील दोष मानला. अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात १९६८ मध्ये अतिचंचलतेवर भर होता. १९८० मध्ये विकाराच्या नावातच अवधानाचा उल्लेख आला. मुलाच्या स्वभावाकडून मेंदूच्या कार्याकडे विचार वळल्याचे हे द्योतक होय.

जर्मन मानसचिकित्सक हान्स बेर्गर यांनी मानवी मेंदूच्या विद्युत् आलेखाविषयीचे संशोधन १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. चेहरा दिसल्यावर सु. १७० सहस्रांश सेकंदांनी डोक्याच्या मागील बाजूस ऋण तरंग उमटतो, हे श्लोमो बेंटिन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले. लहान मुलांत तो प्रौढांपेक्षा उशिरा उमटतो. या तरंगामुळे चेहरा ओळखणे आणि त्याकडे लक्ष टिकविणे या क्रिया काही अंशी निरनिराळ्या तपासता येतात.

जपानमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूतील रक्तप्रवाहाचे बदल प्रकाशकिरणांच्या साहाय्याने मोजले गेले. इतर मुलांत हसऱ्या व रागीट अशा दोन्ही चेहऱ्यांना प्रतिसाद मिळाला; विकारग्रस्त मुलांत तो केवळ हसऱ्या चेहऱ्यांना मिळाला. विद्युत् तरंगांच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. शिवाय ते समूहांच्या सरासरीचे असल्याने त्यांवरून एखाद्या मुलाचे निदान करता येत नाही.

महाराष्ट्रात ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. तथापि मुलांच्या वर्तनसमस्यांसाठी भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र मुंबईच्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयात (पुढील टाटा सामाजिक विज्ञान संस्था) १९३७ मध्ये निघाले. ठाण्यात १९९० मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था स्थापन झाली. दिव्यांग हक्क कायद्याने (२०१६) मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहेत. अवधान-न्यूनता विकाराचा स्वतंत्र निर्देश नाही.

शिक्षकाचा रागीट चेहरा पाहूनही न थांबणारे मूल सहसा उद्धट ठरविले जाते. तो राग मुलाच्या मेंदूने पुरेसा टिपलाच नसावा, ही शक्यता या संशोधनाने पुढे आणली आहे. निदान मात्र आजही पालक व शिक्षकांची माहिती, मुलाचे प्रत्यक्ष निरीक्षण आणि दीर्घकाळ टिकलेली लक्षणे यांवरच करतात.